मोठ्या काकांची अमानत

माझा जन्म परदेशात झाला, हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी नांदेडच्या एका सरकारी कचेरीत कळलं. तोवर मी अहमदपूरजवळच्या आमच्या गावी, घराच्या मधल्या खोलीत जन्मले अशी माझी समजूत होती, आणि घरच्यांनीही ती कधी दुरुस्त केली नव्हती.

टेबलामागचे गृहस्थ शांत स्वभावाचे होते. त्यांनी माझा शाळा सोडल्याचा दाखला खिडकीकडे धरून पाहिला.

"जन्म जून अठ्ठेचाळीस," ते म्हणाले. "पोलीस ॲक्शन सप्टेंबरात. म्हणजे बाई, तुम्ही जन्मलात तेव्हा इथं निजामाचं राज्य होतं. भारत नव्हता."

"पण मी इथंच होते."

"तुम्ही इथंच होता हो. भारत नव्हता ना इथं."

मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. इतिहासाचं कपाट माझ्या खुर्चीच्या अगदी मागे आहे. तरीही मी त्यांनाच विचारलं, मग आता काय करू? "भारतीय असल्याचा पुरावा आणा," असं म्हणून त्यांनी दाखला परत केला. परत करताना परक्या देशातून आलेल्या पाहुण्याला दाखवावं तितपत सौजन्य त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

मला पासपोर्ट हवा होता तो मलेशियात जाण्यासाठी, आणि मलेशियात जायचं होतं ते एक वस्तू पोचवण्यासाठी. ही वस्तू काय, हे सांगितल्याशिवाय पुढच्या फजितीला काही अर्थ राहणार नाही.

आम्हा लिंगायतांत माणूस गेला की जाळत नाहीत. बसवून पुरतात, आणि जन्मभर गळ्यात बाळगलेलं त्याचं इष्टलिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. बाकी विधींत इकडचं तिकडे झालं तर स्वामी सांभाळून घेतात. हे एक राहून चालत नाही. माझे मोठे काका संगप्पा दुसऱ्या महायुद्धात निजामाच्या पलटणीबरोबर मलायात गेले. बंदूक त्यांनी फारशी हाताळली नसावी. ते शिधागोदामात पीठ आणि डाळ तोलायला होते. वाण्याच्या घरातला माणूस पलटणीत गेला तरी तागडी त्याला शोधत येते. तिथे ते तापाने वारले. लढाई संपल्यावर त्यांचे सोबती मेहबूबखान कंधारला परतले आणि दुसऱ्याच दिवशी चालत आमच्या दारात आले.

"जलाया नहीं, अम्मा," ते आजीला म्हणाले. "उसने बोल के रखा था, बिठा के गाड़ना. बिठा के गाड़े." मग त्यांनी छातीशी हात घालून रेशमी कापडाची एक पुरचुंडी काढली. "और ये उसकी अमानत. पूरे रस्ते सीने से लगा के लाया."

पुरचुंडीत काकांचं इष्टलिंग होतं.

त्या माणसाने युद्धातून, जपान्यांच्या तुरुंगातून आणि बोटीतून जिवापाड सांभाळून नेमकी तीच वस्तू परत आणली होती, जी परत यायला नको होती. आजीने त्यांना बसवलं, साखर घातलेलं दूध दिलं आणि तोंडभर आशीर्वाद दिले. ते गेल्यावर ती आडवी झाली ती दोन दिवस उठली नाही. चूक त्यांना कुणीच सांगितली नाही. माझे वडील, म्हणजे आमचे दादा, दर ईदला कंधारला त्यांच्याकडे जात आणि तिथेही हा विषय टाळून शिरखुर्मा पिऊन येत.

पुढची चाळीस वर्षं दादा रोज सकाळी दोन इष्टलिंगांची पूजा करत. आधी भावाचं, मग स्वतःचं. मागच्या वर्षी दादा गेले. खड्ड्याच्या काठावर मी चन्नबसय्या स्वामींना विचारलं, दोन्ही दादांबरोबर ठेवली तर? स्वामी म्हणाले, "एका हातात एकच." बरोबर होतं त्यांचं. शिवाय दादांनी शेवटच्या आठवड्यात मला वेगळंच सांगून ठेवलं होतं. खोकल्याची उबळ थांबल्यावर म्हणाले होते, "नंदे, अण्णाचा हात रिकामा हाय."

एवढंच काम होतं. कबर कुठल्या गावाबाहेर आहे, कितव्या रांगेत आहे, हे दादांनी सरकारशी पत्रव्यवहार करून कधीच मिळवून ठेवलं होतं. मला फक्त जायचं होतं. मी मलायावरची दोन पुस्तकं आणि नकाशा वाचून ठेवला आणि तयारी झाली असं समजले.

नांदेडला माझ्या शेजारी व्यंकटराव राहतात. रेल्वेच्या डिव्हिजन ऑफिसातून ते निवृत्त झाले आहेत, पण सल्ला देण्याच्या कामावरून अजून व्हायचे आहेत. माझ्या परदेशी जन्माची हकीकत ऐकून ते बराच वेळ विचारात पडले.

"मान्य करून टाका," ते म्हणाले.

"काय?"

"परदेशात जन्म झाला ते. मग पासपोर्ट त्यांनी द्यायचा, आपण कशाला मागायचा? रेल्वेत असतं तर मी उद्या पास काढून दिला असता. मलेशियाला गाडी जात नाही, एवढीच अडचण आहे."

त्यांच्या पत्नी ताराबाईंनी अडचणीत लक्ष घातलं नाही. त्यांनी नॉनस्टिक तवा सांगितला. मी म्हटलं, मी कबरीला भेट द्यायला चालले आहे. त्या म्हणाल्या, "हो ना, मग येताना आणा. जाताना कशाला ओझं?"

पुराव्याच्या शोधात मी लातूरला गेले. जिल्हा नवीन होता. आमचा तालुका उस्मानाबादमधून निघून त्यात आल्याला चार वर्षं झाली होती, पण कचेरीला अजून ओल्या रंगाचा वास होता. लाकडी कपाटांवर 'उस्मानाबाद'वर पांढरा पट्टा ओढून 'लातूर' लिहिलं होतं. कपाटं आली होती. आतले कागद यायचे होते. दुष्काळाचं दुसरं वर्ष. समोरच्या हॉटेलात चहा मिळे, पण त्याआधी पाणी मागितलं तर मालक माणसाकडे असं बघे, जणू आपण त्याची जमीनच मागितली.

तिथल्या एका उत्साही अधिकाऱ्याने माझं काम ऐकलं आणि दाखला बाजूला सारला.

"म्हणजे तुमचे काका लढाईत कामी आले? आपल्या जिल्ह्याचे? मॅडम, आम्ही स्मरणिका काढून राहिलो. जिल्हा नवा हाय, शूरवीर कमी पडून राहिलेत. जुने समदे उस्मानाबादनं ठेवून घेतले. किती शत्रू मारले त्यांनी?"

"ते डाळ तोलत असत."

"हाव, पण किती?"

"डाळ?"

त्यांनी वहीत लिहिलेलं 'शूरवीर' खोडलं नाही. माझ्या दाखल्याचं त्यांच्याकडे काही नव्हतं. त्यांनी मला उस्मानाबादला पाठवलं. उस्मानाबादला सांगितलं, तुमचा तालुका आमच्याकडे छप्पन साली आला, तुम्ही त्याच्या आधीच्या, बीदरला जा. बीदर आता कर्नाटकात. तिथल्या कारकुनाने मला बसायला स्टूल दिलं आणि कन्नडमध्ये दीर्घ, सहानुभूतीपूर्ण भाषण केलं. त्यातला मला एकच शब्द कळला, 'इल्ला', म्हणजे नाही. तेवढा पुरेसा होता. येताना एसटीत हिशेब मांडला. मी एकदाच जन्मले होते, पण तीन जिल्ह्यांत. आणि तिन्हींपैकी एकालाही मी हवी नव्हते.

वाटेत गावी उतरले. तिथे माझी आत्या असते, शिवकांता. काकांची पाठची, दादांची थोरली बहीण. दादांची समाधी आमच्याच शेतात आहे. तिच्या उशाला लावलेलं बेलाचं रोप आत्या भांडी विसळलेल्या पाण्यावर जगवत होती. मी परदेशी निघाले हे ऐकून ती इतकी हसली की डोक्यावरचा पदर खाली आला.

"मग तुझ्या आईला बाळंतपनाला आमी इलायतेला नेलतं का गं? मीच तर सुईन बलावाया पळाले व्हते. पायात चप्पल बी न्हवती."

सोबत असावी म्हणून मी आत्याचाही अर्ज भरला होता. तिच्याकडे दाखला नव्हता, शाळा नव्हती, तारीख नव्हती. कचेरीत तिला विचारलं, जन्म कुठला? ती म्हणाली, घरातला. कधीचा? म्हणाली, मोठ्या पटकीच्या मागल्या सालचा. त्यांनी प्रतिज्ञापत्रावर अंगठा घेतला. गावात एक पोलीस येऊन दोन घरी विचारून गेला, शिवकांताबाई हीच का, आणि तिसऱ्या घरी ताक पिऊन गेला. महिन्याभरात तिचा पासपोर्ट पोस्टाने आला. ज्याच्याकडे कागदच नाही, त्याच्या कागदांत तफावत कशी निघणार? माझ्याकडे होते अकरा कागद, आणि त्यांचं आपसांत पटत नव्हतं.

आत्याने पासपोर्ट देवळीत ठेवला, त्याला विभूती लावली आणि मला म्हणाली, "तुजा बी यील गं. शिकलेल्या मानसाला टाइम लागतो."

तो येईना. इकडे जाण्याची तारीख ठरून गेली होती, कारण ती माझ्या हातात नव्हती. लातूरच्या तेलाच्या अडत्यांची एक सहल मलेशियातले पामतेलाचे कारखाने बघायला चालली होती. हे तेल आपल्या करडईच्या मुळावर आलं आहे, ते शत्रूच्या घरी जाऊन पाहू, असा त्यांचा बेत होता. सहलीचे प्रमुख मलप्पा आमच्या दूरच्या नात्यातले. त्यांनी आम्हा दोघींना घ्यायचं कबूल केलं होतं आणि बस कबरीच्या गावावरून नेण्याचंही.

"नंदा, तू न्हाई तर न्हाई," ते म्हणाले. "आक्का येत्यात ना. आमी हाव की."

दादांनी मला सांगितलं होतं. आत्याला नव्हे. पण हे म्हणण्यात काही शहाणपणा नव्हता, म्हणून मी म्हटलं नाही. पुरचुंडी आत्याच्या हातात दिली. तिने ती गळ्यातल्या स्वतःच्या इष्टलिंगाशेजारी बांधली आणि वरून पदर घेतला. मलायावरची दोन्ही पुस्तकं मी पिशवीत परत ठेवली.

लातूरच्या त्या उत्साही अधिकाऱ्याने दरम्यान आमच्या सरपंचांना, शेषेरावांना, कळवलं होतं. शेषेरावांनी देवळासमोर मांडव घालून माझा सत्कार ठेवला. मी त्यांना गाठून सांगितलं की मी जात नाही, आत्या जाते.

ते गंभीर झाले. "ताई, कापडावर तुमचं नाव पडलंय."

खरंच पडलं होतं. मांडवावर लाल अक्षरांत 'परदेशगमनानिमित्त' माझा सत्कार होता. पुसायचं म्हटलं तर पाणी कुठलं आणायचं, हा शेषेरावांचा प्रश्नही रास्त होता. मी मंचावर बसले. सत्काराला नकार दिला तर आपण जात नाही हे चारचौघांत सांगावं लागेल, आणि स्वीकारला तर सांगावं लागणार नाही, असा विचार माझ्या मनात आला नाही असं मी म्हणणार नाही.

शेषेराव बोलायला उभे राहिले. "संगप्पा म्हंजी या मातीचा वाघ! हातात मशीनगन घिऊन..."

"तागडी व्हती त्याच्या हातात!" बायकांतून आत्या ओरडली.

"तागडी धरलेल्या त्या हातानं मशीनगन घिऊन," शेषेराव न थांबता म्हणाले, "त्यानं जपान्याला असा जोखला, असा जोखला..."

एवढ्यात वेशीकडून टँकरचा भोंगा वाजला.

टँकर तीन दिवसांनी आला होता. मांडव रिकामा व्हायला एक टाळी वाजवण्याइतका वेळ लागला. माणसं, बाया, हलगीवाले, आभार मानायला बसलेले मास्तर, सगळे कळशा आणि डबे घेऊन पळाले. आत्याही पळाली. मी अर्धवट पांघरलेल्या शालीत, मांडीवर नारळ घेऊन बसून राहिले. शेषेराव माझ्याकडे वळले. "थोडक्यात," असं म्हणून त्यांनी उरलेलं भाषण मला एकटीला उद्देशून केलं, माझ्या काकांचं शौर्य मला समजावून दिलं आणि शेवटी टेबलावरची प्यायच्या पाण्याची बादली उचलून तेही वेशीकडे गेले.

आत्या परतली तेव्हा तिच्या डोक्यावर कळशी नव्हती. हातात काचेची तपकिरी बाटली होती, काठोकाठ भरलेली.

"कळशी राहू दे, उद्या बघू," ती म्हणाली. "अण्णा तापात गेला म्हनं. पानी मागितलं आसंल त्यानं. आपल्या गावचं न्हाई मिळालं."

बाटली मी ओळखली. दादांच्या खोकल्याच्या औषधाची होती. 

आत्या गेली. अडत्यांबरोबर, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि एक लोखंडी उलथनं घेऊन गेली. उलथनं कशाला, असं विचारल्यावर म्हणाली, लोकाच्या घरी आपलं उलथनं आपल्याजवळ बरं.

दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात शाल पांघरलेला माझा फोटो आला. 'वीर काकांच्या समाधीला वंदन करण्यास पुतणी मलेशियास रवाना.' पेपर नांदेडात पोचला तेव्हा रवाना झालेली पुतणी गच्चीवर पापड वाळत घालत होती. मी घाईने खाली आले. त्यानंतर मी महाविद्यालयात रजेचा अर्ज पाठवला आणि पुढचे दिवस खिडक्या लावून घरात काढले. रजेचं कारण खरं लिहिलं असतं तर 'मी परदेशात गेल्याचं छापून आल्यामुळे' असं लिहावं लागलं असतं. दूधवाल्याला कडी न वाजवण्याची ताकीद दिली. मलायावरची दोन्ही पुस्तकं पुन्हा वाचली. आत्या आत्ता कुठे असेल हे नकाशावर पाहत राहिले. पहिल्या बायकोच्या मुलीसारखं वागवलेलं ते माझं पासपोर्टचं प्रकरण या काळात कुठल्या कपाटात होतं, ते कळलं नाही.

भाजी संपल्यावर मात्र बाहेर पडावं लागलं. डोक्यावरून पदर घेऊन मी वांगी निवडत होते. शेजारी ताराबाई, मागे व्यंकटराव.

"अगोबाई! आलात? तवा?"

"सामानात आहे," मी म्हटलं. माणसाच्या तोंडून अशा वेळी काय निघेल, याचा नेम नाही.

"विमान वेळेच्या आधी आलं वाटतं," व्यंकटराव पिशवी सावरत म्हणाले. "आमच्याकडे असं कधी व्हायचं नाही."

तवा मी वजिराबादच्या बाजारातून घेतला आणि वरचं लेबल काढून टाकलं. परदेशी मालावरची धिरडी कशी अलगद सुटतात, हे ताराबाई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

अडते परतल्याचं कळताच मी गावी गेले. आत्या घरी नव्हती. शेतात, दादांच्या समाधीपाशी बसली होती. थोडी काळवंडली होती, पण मजेत दिसत होती. तिच्या गळ्यात आता एकच इष्टलिंग होतं.

"सांग," मी म्हटलं.

"काय सांगू? समदे दगड एकसारके. मलप्पानं नंबर वाचून दावला. बसवून ठिवलंय का आडवं केलंय, ते काय वरून समजत न्हाई. तितला राखनदार म्हनला, इथं खांदायचं न्हाई. मलप्पानं मला सांगितलं, आक्का, खांदू देत न्हाईत. मी म्हनलं, खांदते कुठं, भावाला भेटते."

"मग?"

"मग काय, बसले. उलथनं काढलं."

ती समाधीवरची ढेकळं हाताने सपाट करत होती.

"गवात अलगद सुटतंय गं तितं, धपाट्यावानी. आपले समदे अडते माज्याभवती कडं करून हुबे राह्यले. राखनदाराकडं पाठ करून, मोठमोठ्यानं तेलाचा भाव बोलू लागले. 'काय भाव, काय भाव!' एकानं बी खाली बघितलं न्हाई. पर एकेकाच्या डोळ्याला धार लागलेली. समद्यांला कळत व्हतं ना. मी त्याला म्हनलं, अण्णा, हात पुडं कर. ठिवलं. गवात वडलं. वरून आपल्या गावचं पानी घातलं."

रोपाला तीन पानं होती.

"बसूनं जिवाला लावून घेतलं व्हतं," आत्या म्हणाली. दादांना ती बसू म्हणे. मग एकदम तिचा आवाज चढला. "आन पानी किती गं तितं! मेलेल्या मानसांच्या गवताला फवारे लावून राह्यलेत! सकाळ न्हाई, सांज न्हाई. मी त्या राखनदाराला म्हनलं, मेल्या, आमच्याकडं जित्याला न्हाई. तो हसला नुस्ता. मग मी बाटली धरली फवाऱ्याखाली."

तिने पदराआडून तीच तपकिरी बाटली काढली. बूच काढून तिने त्यातलं पाणी दादांच्या समाधीवर, डोक्याच्या बाजूने सुरू करून, सावकाश ओतलं. जमिनीने ते आवाज करून शोषून घेतलं. मग चार थेंब रोपाला.

"अण्णाकडचं हाय, बसू," ती म्हणाली. "त्याचं झालं समदं. आता पड निवांत."

मी दुसरीकडे बघत होते. तिने बाटली हलवून पाहिली. तळाशी घोटभर उरलं होतं. तिने ती माझ्यापुढे धरली.

"पी."

"आत्या, परदेशातलं पाणी, न उकळता..."

"तुला काय हुतंय? तू बी तिकडचीच हाइस म्हनं."

मी प्यायले. आत्याने बाटली राखेने घासली असणार, तिच्या घासण्याला तोड नाही. तरीही त्या पाण्याला दादांच्या औषधाचा वास होता.